माझं परस आणि त्यांची भेट

जळगावात राहून मी लोकर विणते, हे कळलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग म्हणतो, "आपल्याकडे कशाला लागतं स्वेटर? इथे पंखा बंद करायची सोय नाही." हे ऐकून ऐकून माझे कान किटले. ही माणसं राहतात तरी कुठे? पौषातल्या सकाळी दूधवाला कानाला मफलर गुंडाळून दारात कुडकुडत उभा असतो, तो यांना दिसत नाही? केळीची पानं थंडीने करपू नयेत म्हणून बागांच्या कडेने ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात, तो यांच्या नाकात जात नाही? आमचा उन्हाळा मोठा आहे, कबूल. पण म्हणून हिवाळा नाहीच, हे कोणी ठरवलं?

त्याहून वाईट दुसरा प्रश्न. "वेळ जात नसेल ना तुमचा?" म्हणजे हाताने काही केलं की ते रिकामपण. वेळ घालवायलाच बसायचं तर टीव्ही आहे, फोन आहे, कॉलनीतल्या बायकांचा कट्टा आहे. विणायला वेळ काढावा लागतो. स्वयंपाक, धुणं, यांची बीपीची गोळी, आल्यागेल्याचा चहा या सगळ्यातून तो मी ओढून काढते.

विणायला मी शिकले दीपनगरला. हे वीजकेंद्रात नोकरीला होते आणि आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये पंजाबची एक बाई राहायची. हिवाळ्यात जेवणं उरकली की ती उन्हात खाट टाकायची आणि सुया घेऊन बसायची. मी नवी नवरी, माहेरी शेणकूट नि शेती पाहिलेली. लोकरीच्या सुया हातात धरायला मला भीतीच वाटायची. तिने मला शेजारी बसवलं, सुलट टाका शिकवला, उलट टाका शिकवला. पण सुईवर पहिला टाका घालू देण्याआधी विचारायची, "किसके लिए?" नाव सांगितल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. कोणासाठी, किती उंच, खांदे कसे, गळ्याला घट्ट चालतं की नाही. "आदमी को देखो पहले," म्हणायची. तिची बदली झाली, ती गेली, पण ती सवय माझ्या हाताला लागली ती लागलीच.

क्वार्टरच्या मागे इवलीशी जागा असायची. मी तिथे काही ना काही लावायचे, ते हाताशी यायला लागलं की आम्हाला दुसरं क्वार्टर मिळायचं. झाडं तिथेच सोडून सामान उचलायचं. असं दोन-तीनदा झालं आणि मी यांना सांगून टाकलं, "घर बांधाल तेव्हा हॉल लहान करा, देवघर लहान करा, मला चालेल. पण स्वयंपाकघराच्या मागचं दार उघडलं की माती हवी."

हे निवृत्त झाले, जळगावात घर झालं, आणि दार उघडलं की माती हे यांनी पाळलं. परस फार मोठं नाही. पण त्यात कडुनिंब होता, शेवगा होता, कुंपणाला लागून जास्वंदीची मोठी जाळी, पारिजातक, सीताफळ, धुण्याच्या दगडापाशी अळू आणि गवती चहा. पायरीवर मी बसायचे आणि मांडीवर लोकर. साळुंक्या, बुलबुल, सातभाईंचा भांडखोर घोळका, सगळ्यांना मी ठाऊक होते. त्यांनी माझ्याकडे बघणं सोडून दिलं होतं, यात मला मोठा मान वाटायचा.

पावसाळ्याच्या तोंडावर धुळ्याहून माझ्या भाचीचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण जाऊन काही वर्षं झाली. पोरीचं लग्न मी आणि तिच्या वडिलांनी मिळून लावलं. ती धुळ्याला शाळेत शिकवते, सासर तिथलंच. फोनवर म्हणाली, "मावशी, तुला आजी व्हायचंय."

मी पायरीवर बसूनच रडले. आनंद होताच. पण हा फोन ज्या बाईला यायला हवा होता ती नव्हती, आणि तिच्या जागी मी होते, हेही होतं.

त्याच आठवड्यात मी फुले मार्केटला जाऊन लोकर आणली. हळदीच्या रंगाची, आणि कडेला लावायला पोपटी. बहिणीला हळदीचा रंग आवडायचा. लहानपणी दोघींना एकाच ताग्यातले फ्रॉक शिवले जायचे तेव्हा ती हट्टाने पिवळा तागा मागायची आणि मग मलाही पिवळंच घालावं लागायचं. आता बाळ अजून दिसतही नव्हतं, माप घेणार कोणाचं? मी भाचीला तिचे स्वतःचे लहानपणचे फोटो पाठवायला सांगितले. गुबगुबीत मनगटं, आखूड मान. म्हटलं, असंच असणार. गळा सैल ठेवायचा, समोरून बटणं, म्हणजे डोक्यातून घालताना रडारड नको.

आषाढात टोपरं झालं. पाऊस लागला की पायरी ओली, मग मी दारातच पाट टाकून बसायचे. अळूची पानं हातभर झाली, शेवग्यावर केसाळ अळ्या आल्या. त्या अळ्यांवरून यांची दरवर्षी कुरकुर. "हे झाड काढून टाकू, अंगाला खाज सुटते." मी म्हणायचे, "पाऊस संपला की जातात त्या. तुम्ही शेंगांची आमटी खाताना अळ्या आठवता का?" मी अळ्यांना राख टाकायचे आणि विषय तेवढ्यावर संपायचा. निदान मला तसं वाटत होतं.

नवरात्रानंतर ऊन पुन्हा तापलं. ऑक्टोबरमध्ये लोकर हाताला चिकटते, टाके सुईवरून सरकत नाहीत. त्या दिवसांत मी सकाळी पारिजातकाची फुलं वेचून झाली की थोडंसंच विणायचे. खारीचं घरटं तेव्हा निंबाच्या बेचक्यात होतं. एकदा मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर आले तर लोकरीचा पिवळा गुंडा पायरीवरून उतरून जास्वंदीखालून पार निंबापर्यंत गेलेला. वरती बाईसाहेब तोंडात धागा धरून बसलेल्या. मी ओढलं, तिनेही ओढलं. शेवटी धागा तुटला आणि तिचा तिला, माझा मला. यांना हाक मारून दाखवलं तर हेही हसले. खरंच हसले. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते या माणसाने दुष्टपणाने केलं असं कोणाला वाटू नये. दुष्टपणाने केलं असतं तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

दिवाळीनंतर थंडी पडली. परीट पक्षी आला, शेपटी वरखाली करत धुण्याच्या दगडाभोवती फिरायला लागला. आम्ही कपाशीच्या काड्या पेटवून परसात वांगी भाजली, कॉलनीतल्या ओळखीच्या घरांना भरीत पाठवलं. त्याच धगीजवळ बसून मी मोज्यांचे अंगठे बंद केले. स्वेटर, टोपरं, मोजे, आणि वर अंगावर घ्यायला चौकटीचं पांघरूण. भाचीला मुलगी झाली तेव्हा सगळं धुऊन, सावलीत वाळवून, मलमलच्या कापडात बांधून तयार होतं.

भाची म्हणाली, "मावशी, बारशाच्या आधी ये आणि राहा माझ्याजवळ." निघायच्या आदल्या दिवशी मी जास्वंदीत शिंजीर पक्षी पाहिला. छोटा, उन्हात काळानिळा चमकणारा, आणि त्याची ती साधी करडी मादी. कुंपणाकडच्या फांदीला त्यांनी घरटं लटकवायला घेतलं होतं. कोळ्याची जाळी, गवताच्या काड्या, आणि त्यात माझ्या लोकरीचा एक पिवळा धागा. मी यांना हात धरून नेलं आणि दाखवलं. "इकडे धुणं वाळत घालू नका. पाण्याचा पाइप इकडे ओढू नका. मी येईपर्यंत या बाजूला येऊच नका." हे म्हणाले, "बरं बरं." मी धुळ्याची एसटी धरली.

धुळ्यात पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं. मनगटं गुबगुबीत, मान आखूड. स्वेटर तिला असा बसला की भाची बघतच राहिली. तिची आजेसासू, घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, त्या कॉटवर बसून स्वेटरची कड बोटांनी चाचपत होत्या. "हाते करं? बठ्ठं हाते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, सगळं हातानेच." त्यांनी माझा हात उलटा करून बोटं निरखून बघितली.

बारशाच्या दिवशी मात्र घर ओळखू येईना. फुगे, पडदे, भाड्याचा पाळणा, त्याला पांढरी नि सोनेरी फुलं. फोटो काढायला दोन माणसं. मी पोरीला स्वेटर-टोपरं घालून बाहेर आणलं तशा भाचीच्या सासूबाई लगबगीने आल्या.

"ताई, हे नको आत्ता. थीम व्हाईट अँड गोल्ड ठेवलीये. हा पिवळा फोटोत फार मारतो."

"पण सकाळची थंडी आहे अजून," मी म्हटलं.

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. हे घरात वापरायला होईल ना नंतर, दुपटी-बिपटी असतात तसं."

दुपटी-बिपटी! पावसाळा, ऑक्टोबरचं ऊन, दिवाळी, थंडी, एवढं सगळं त्या टाक्यांमध्ये गेलं होतं. पण व्याह्यांच्या घरी, बारशाच्या दिवशी, आईच्या जागी गेलेली बाई काय बोलणार? भाचीने माझ्याकडे पाहिलं, तिचेही डोळे भरलेले. मी स्वतःच्या हाताने स्वेटर काढला. पोरीला जाळीचा कडक झगा घातला, केसही नसलेल्या डोक्याला सोनेरी पट्टा लावला. तिने जो आवाज लावला तो गल्लीत ऐकू गेला असेल. एक पाहुणी मला समजवायला आली. "मनाला लावून घेऊ नका. हल्ली ऑनलाईन इतकं छान मिळतं ना, दोन दिवसांत घरी येतं. कोण एवढा जीव काढत बसतं?" मी तिला म्हटलं, "मी बसते." ती हसली. तिला तो विनोद वाटला.

फोटोवाले पोरीला हसवायला खुळखुळा वाजवत होते आणि ती निळी पडत होती. तेवढ्यात अक्का काठी टेकत उठल्या.

"पोर गारठी ऱ्हायनी नि तुमना फोटू चाली ऱ्हायनात! मावशीनं स्वेटर आन वं इकडे."

भाचीने तो लगेच आणून दिला. त्यांनी झग्यावरूनच पोरीला स्वेटर चढवला, पांघरुणात गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. पोरगी हुंदके देत देत झोपली. मला वाटलं, झालं, निभावलं. पण ती झोपल्यावर पुन्हा सगळं उतरवून फोटो काढलेच. नंतर सासूबाईंनी अल्बम पाठवला. पाहुण्यांचे, जेवणाच्या ताटांचे, फुग्यांचेसुद्धा फोटो आहेत. पिवळा रंग एकाही फोटोत नाही. मला अजून राग येतो. राग जातो असं लोक म्हणतात, पण माझा कुठे गेलाय?

भाचीची शाळा सुरू व्हायला वेळ होता, पण मला घरची ओढ लागली. मी परतले तेव्हा स्टँडवर हे स्वतः रिक्षा घेऊन आलेले. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर लहान मुलासारखं काहीतरी लपवल्याचं हसू. घरात शिरताच यांनी फोन उभा धरला. फोनवर आमचा मुलगा आणि सून, पुण्याहून.

"आई, सरप्राईज!" मुलगा म्हणाला. "बाबा, डोळे मिटायला सांगा तिला."

मी थकले होते, पण लेकराचा उत्साह बघून डोळे मिटले. यांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत नेलं. कडी काढल्याचा आवाज आला. आणि मला तेव्हाच कळलं की काहीतरी चुकलंय, कारण दार उघडलं आणि मातीचा वास आला नाही.

डोळे उघडले. भिंतीपासून भिंतीपर्यंत लाल-करडे सिमेंटचे ब्लॉक. निंबाच्या बुंध्याला चारी बाजूंनी सिमेंटचा कठडा. शेवगा नाही. पारिजातक नाही. सीताफळ नाही. कुंपणाची जास्वंदी मुळापासून गेलेली, तिथे रंगवलेली कोरी भिंत. मध्यभागी एक लोखंडी झोपाळा.

"तुझ्या साठाव्या वाढदिवसाचं गिफ्ट, आई," फोनमधून मुलगा बोलत होता. "आता झाडलोट नको, चिखल नको, अळ्या नको, साप-विंचू नको. मस्त झोपाळ्यावर बस आणि विणत जा. आई? बोल ना काहीतरी."

"जास्वंद कुठे आहे?" मी विचारलं.

"अगं, कुंड्या आणू ना आपण. छान छान कुंड्या मिळतात."

"जास्वंद कुठे आहे ते विचारतेय."

हे हळूच म्हणाले, "कचऱ्याची गाडी अजून यायचीये. समोर कोपऱ्यावर ढीग आहे."

मी चपला घातल्या आणि गेले. रस्त्याच्या कडेला फांद्यांचा ढीग वाळत पडलेला. हाताने एकेक फांदी ओढून बाजूला केली. येणारे-जाणारे बघत होते, स्कूटर हळू करून बघत होते. घरटं सापडलं. चेपलेलं होतं, पण पिवळा धागा ओळखू येत होता. आत काही नव्हतं. अंडी घातली गेली होती की नाही, पडली की कोणी खाल्ली, हे मला आता कधीच कळणार नाही. यांना विचारलं तर म्हणाले, "माणसांनी भराभरा तोडलं गं, मी आत होतो." ज्या बाजूला पाइप ओढू नका म्हणून हात धरून सांगितलं होतं, त्या बाजूला कुऱ्हाड लागली तेव्हा हा माणूस आत होता!

मी घरटं स्टीलच्या डब्यात ठेवलं नाही, शोकेसमध्ये लावलं नाही. निंबाच्या कठड्यात जेवढी माती उरली होती तिथे ठेवून दिलं आणि यांच्याशी बोलणं बंद केलं. स्वयंपाक करत होते, ताट वाढत होते, गोळी काढून देत होते. बोलत नव्हते. मुलाचे फोन यायचे. मी एवढंच म्हणायचे, "होळीला ये, मग बोलू."

माझ्या नावाने कॉलनीत काय चाललं होतं ते मला कळत होतं. एवढा खर्च करून मुलाने घर सजवून दिलं आणि म्हातारीचं तोंड वाकडं. शेजारच्या वहिनी येऊन म्हणाल्या, "आमची मुलं तर साधा फोन करत नाहीत. तुम्ही नशीबवान." मी त्यांना विचारलं, "तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा कोणी तुम्ही गावाला गेल्यावर फोडून टाकला आणि म्हणालं, आता तुम्हाला भाकरी भाजायला नको, तर?" त्या म्हणाल्या, "ओटा वेगळा." काय वेगळा? तो तुमच्या हाताखालचा, हे माझ्या हाताखालचं.

होळीला मुलगा आला. एकटाच आला. बॅग ठेवली, पाणी प्यायला आणि सरळ परसात जाऊन झोपाळ्यावर बसला. दुपारच्या उन्हाने ब्लॉक असे तापलेले की अनवाणी पाय ठेववेना. मी दारात उभी.

"आई, तुला त्रास होतो म्हणून केलं मी. गेल्या वर्षी तू घसरलीस. बाबा सांगत होते, रोज सकाळी वाकून झाडतेस."

"मी तुला सांगितलं, मला त्रास होतो?"

"तू कधी सांगणार?"

"मग विचारायचं. फोन रोज करतोस ना? जेवलीस का विचारतोस, गोळ्या घेतल्या का विचारतोस. एकदा हे विचारलं असतं."

"विचारलं असतं तर सरप्राईज कसलं?"

"मी तुला स्वेटर विणते तेव्हा तुझी छाती मोजते. बाही कुठपर्यंत हवी ते विचारते. गेल्या खेपेला रंग आवडत नाही म्हणालास, तर निम्मा झालेला उसवला मी. आणि तू माझं अख्खं परस उसवलंस, कोणाला न विचारता. वर मलाच सांगतोस, आता बसून विण!"

माझा आवाज चढला होता. त्याने झोपाळा थांबवला. मग म्हणाला, "तुला वाटतं मी तुला ओळखतच नाही."

"आत्ता तरी नाही ओळखत."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं. पण म्हणून मी शब्द मागे घेतला नाही. आईने नेहमी पोरांच्या डोळ्यांतल्या पाण्याला बघूनच गप्प बसायचं असतं, हेही मला मान्य नाही. त्यालाही दुखलं, मलाही दुखलं, पण कुऱ्हाड माझ्या झाडांना लागली होती.

तो तसाच उठला, आत गेला. मी कोठीतून पहार आणली. ब्लॉक कचीवर, म्हणजे दगडाच्या भुकटीवर, बसवलेले असतात, एक निघाला की बाकीचे निघतात, पण तो पहिला निघता निघेना. कोपऱ्यात पहार घातली, सगळा भार टाकला, कंबरेत कळ आली. हे धावत आले. "अगं वेडी आहेस का? पाठ जाईल. नवे आहेत ते!" मी पहार सोडली नाही. तेवढ्यात मुलगा बाहेर आला. त्याने माझ्या हातातून पहार घेतली. मला वाटलं, आता आत नेऊन ठेवणार. त्याने ती कोपऱ्यात घातली आणि ब्लॉक उचकटला.

"कुठपर्यंत?" त्याने विचारलं. आवाजात अजून राग होता.

"सगळे."

"बाबांना चालायला थोडी वाट राहू दे. पावसाळ्यात ते घसरतील."

यावर आमचं पुन्हा भांडण झालं. शेवटी दारापासून नळापर्यंत एक पट्टी राहिली. बाकीचे ब्लॉक धुळवडीच्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर रंग असताना आमच्या अंगावर करड्या धुळीचा थर चढवून गेले. संध्याकाळपर्यंत हेही येऊन ब्लॉक उचलून कुंपणाशी लावायला लागले. कोणीही कोणाशी गोड बोललं नाही. रात्री पुरणपोळ्या मात्र तिघांनीही भरपूर खाल्ल्या.

खाली माती होती, पण ती माझी माती नव्हती. तिच्यात कच मिसळलेली, वरून दाबून दाबून दगडासारखी झालेली. त्या उन्हाळ्यात परसात काहीही आलं नाही. पूर्वी एप्रिल-मेमध्ये तांबट पक्ष्याची टकटक ऐकत मी दुपारी निंबाखाली बसायचे. निंब होता, तांबट कुठून तरी टकटक करत होता, पण आजूबाजूला नुसता फुफाटा. मी शेणखत मागवलं, माठातलं उरलेलं पाणी, भाज्या धुतलेलं पाणी ओतत राहिले. कोणी म्हणालं, "लावा पुन्हा, झाडं काय, वाढतात." वाढतात! बोलायला काय जातं. पारिजातकाला किती वर्षं लागली होती हे त्या बोलणाऱ्याला ठाऊक नाही. आणि माझ्याकडे तेवढी वर्षं आहेत की नाही हे मला ठाऊक नाही.

पाऊस आल्यावर बोदवडहून माझ्या चुलतभावाने शेवग्याच्या फांद्या आणून दिल्या. जास्वंदीची कलमं लावली, त्यातली बरीचशी कुजली, थोडी धरली. या वर्षी अळू आलं, तेही खुजं. शिंजीर आला नाही. बुलबुल येतात, कठड्यावर बसतात, इकडेतिकडे बघतात आणि उडून जातात. विणकाम मी पुन्हा सुरू केलं, भाचीच्या मुलीला आता चालायला लागल्यावर घालायचं जाकीट. हे शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचतात. आमचं बोलणं पूर्ववत झालं आहे, पण परसाचा विषय निघाला की हे चष्मा पुसायला लागतात.

मधे एका सकाळी शेजारच्या वहिनींचे यजमान, भाऊ, कुंपणाशी आले. आमच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या ब्लॉकच्या चळतीकडे बघत म्हणाले, "वहिनी, हे तुम्हाला लागत नसतील तर आम्हाला देऊन टाका. आमच्या मागे फार चिखल होतो. ते पेरूचं झाड काढतोच आहोत, म्हणजे सगळं साफ करून घेऊ."

हे लगेच म्हणाले, "न्या की. पडूनच आहेत."

"नाही," मी म्हटलं.

भाऊ बावचळले. "म्हणजे? लागणार आहेत का तुम्हाला?"

"नाही लागणार."

"मग?"

"मग काही नाही. पेरूला यंदा बहर आलाय. तुमच्या पेरूवर पोपट येतात, ते आमच्या निंबावर बसतात. वहिनींना विचारलंत का, काढायचा म्हणून?"

भाऊंनी यांच्याकडे पाहिलं. हे पेपरात डोकं खुपसून बसले. आतून वहिनींचा आवाज आला, "काय झालं हो? कोणाला काय विचारायचंय?"

"काही नाही," भाऊ म्हणाले.

"काही नाही कसं?" मी मोठ्याने म्हटलं. "वहिनी, जरा बाहेर या."

त्या हात पुसत बाहेर आल्या. मी लोकर बाजूला ठेवली आणि कुंपणाशी गेले.